लॅपटॉपची बॅटरी निद्रावस्थेत उतरणे

लॅपटॉप संगणक निद्रावस्थेत (स्लीप मोड) असताना, म्हणजे झाकण मिटलेले व पडदा बंद असताना, बॅटरीत साठवलेली वीज अपेक्षेपेक्षा अधिक खर्च होणे, या दोषाला निद्रावस्थेत बॅटरी उतरणे असे म्हणतात. निद्रावस्था म्हणजे संगणक बंद करणे नव्हे. या अवस्थेत संगणकाचा काही भाग जागा असतो व तो अखंड वीज घेत असतो. ही वीज अत्यल्प असेल तर वापरणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही. परंतु काही बिघाडामुळे किंवा चुकीच्या मांडणीमुळे ती वाढली, तर रात्री भरलेली बॅटरी सकाळी रिकामी आढळते.

हा दोष दिसताच बॅटरी जुनी झाली असे समजून ती बदलण्याकडे अनेकांचा कल असतो. प्रत्यक्षात बॅटरी चांगली असून संगणकाची झोप अपुरी असणे, हेही तितकेच संभवते. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी घट मोजून कारण निश्चित करणे, हा या दोषाच्या निवारणाचा पाया आहे. वसई-विरारसारख्या परिसरात, जेथे लॅपटॉप पिशवीत घालून लोकलने दीर्घ प्रवास केला जातो आणि पावसाळ्यात वीजपुरवठा खंडित होण्याचे प्रसंग येतात, तेथे या विषयाला विशेष व्यावहारिक महत्त्व आहे.

संगणकाच्या विश्रांतीचे प्रकार

संगणकाच्या वीजवापराचे नियमन करणाऱ्या ‘एसीपीआय’ या मानकाची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी प्रसिद्ध केली. या मानकात संगणकाच्या अवस्था एस-० ते एस-५ अशा क्रमांकांनी दर्शवल्या आहेत. एस-० ही पूर्ण जागृत अवस्था, तर एस-५ ही बंद अवस्था होय. सामान्य वापराच्या दृष्टीने पुढील तीन प्रकार महत्त्वाचे आहेत.

पारंपरिक निद्रावस्था (एस-३) : या अवस्थेत प्रोसेसर, पडदा व डिस्क यांचा वीजपुरवठा तोडला जातो. चालू असलेले काम रॅम या तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि ती स्मृती टिकवण्यापुरतीच वीज खर्च होते. झाकण उघडताच काही क्षणांत संगणक पूर्ववत होतो. मात्र बॅटरी पूर्ण संपली, तर रॅममधील न जतन केलेले काम नष्ट होते.

शीतनिद्रा (हायबरनेट, एस-४) : या अवस्थेत रॅममधील सर्व मजकूर डिस्कवर लिहून ठेवला जातो व नंतर संगणक जवळजवळ पूर्णपणे बंद होतो. वीजखर्च नगण्य असतो. पुन्हा सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, पण बॅटरी संपली तरी काम सुरक्षित राहते.

आधुनिक निद्रावस्था (मॉडर्न स्टँडबाय) : या प्रकारात संगणक तांत्रिकदृष्ट्या एस-० मध्येच राहतो; केवळ त्याचे निरनिराळे भाग अत्यंत कमी विजेवर चालवले जातात. मोबाइल फोन खिशात असतानाही संदेश स्वीकारतो, त्याच धर्तीवर ही रचना करण्यात आली. विंडोज ८ (२०१२) मध्ये ती ‘कनेक्टेड स्टँडबाय’ या नावाने आली आणि विंडोज १० (२०१५) पासून ‘मॉडर्न स्टँडबाय’ या व्यापक स्वरूपात रूढ झाली.

पुढे अनेक नव्या लॅपटॉपांत एस-३ ही अवस्था उपलब्ध करून देणे थांबले. लेनोवो कंपनीच्या थिंकपॅड एक्स-वन कार्बन या लॅपटॉपच्या २०१८ मधील सहाव्या पिढीत प्रारंभी एस-३ उपलब्ध नव्हती. लिनक्स वापरणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली. त्याच वर्षी बायोसच्या सुधारित आवृत्तीद्वारे ती निवडण्याची सोय करण्यात आली. जुना लॅपटॉप झाकण मिटून दोन दिवस ठेवला तरी चालत असे आणि नवा मात्र एका रात्रीत उतरतो, या तक्रारीमागे पुष्कळदा निद्रावस्थेच्या प्रकारातील हा बदल असतो.

कारणे

निद्रावस्थेत जादा वीज खर्च होण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

जाळ्याशी जोडणी : आधुनिक निद्रावस्थेत वाय-फाय चालू राहिल्यास संगणक अधूनमधून जागा होऊन टपाल, सूचना व सुधारित आवृत्त्या तपासतो.

नियोजित कामे : स्वयंचलित सुधारणा, विषाणूरोधक तपासणी किंवा प्रतिलिपी घेण्याचे काम ठरलेल्या वेळी संगणकाला जागे करू शकते. यासाठी असलेल्या घड्याळाला ‘वेक टायमर’ म्हणतात.

जोडलेली उपकरणे : बिनतारी माउसचा छोटा रिसीव्हर, ब्लूटूथ उपकरण किंवा बाह्य डिस्क यांच्याकडून येणारा संकेत संगणकाला जागे करतो. माउस पिशवीत हलला तरी हे घडू शकते.

यूएसबी खाचेतून चार्जिंग : काही लॅपटॉपांत झाकण मिटलेले असतानाही एका यूएसबी खाचेतून फोन चार्ज करण्याची सोय असते. ही सोय चालू असून फोन जोडलेला राहिला, तर लॅपटॉपची बॅटरी फोनमध्ये रिकामी होते.

सदोष ड्रायव्हर : ध्वनी, चित्र किंवा जाळ्याशी संबंधित एखादा ड्रायव्हर आपला भाग झोपू देत नाही. एकच घटक जागा राहिला तरी संपूर्ण यंत्र सर्वांत कमी विजेच्या स्थितीत पोहोचत नाही.

झाकणाची चुकीची मांडणी : झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नये’ असा पर्याय निवडलेला असल्यास संगणक झोपतच नाही. बाह्य पडदा वापरणारे हा पर्याय सोयीसाठी निवडतात व प्रवासाच्या वेळी तो बदलण्याचे विसरतात.

बॅटरीचे वय : लॅपटॉपमध्ये वापरली जाणारी लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. या बॅटरीच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रकारची चांगली बॅटरी न वापरता ठेवली तरी महिन्याला काही टक्केच उतरते. त्यामुळे एका रात्रीतील मोठी घट आपोआप उतरण्याने झाली, असे सहसा म्हणता येत नाही. वयोमानानुसार बॅटरीची एकूण साठवणक्षमता मात्र कमी होत जाते.

घट मोजण्याची पद्धत

बॅटरीची क्षमता वॅट-तास या एककात मोजतात. एक वॅट वीज घेणारे उपकरण एक तास चालले, तर एक वॅट-तास ऊर्जा खर्च होते. हा आकडा बॅटरीवर किंवा लॅपटॉपच्या तपशीलपत्रकात दिलेला असतो. घट मोजण्यासाठी झोपवण्यापूर्वीची व उठवल्यानंतरची टक्केवारी आणि मधला कालावधी यांची नोंद पुरेशी होते.

उदाहरणार्थ, ५० वॅट-तास क्षमतेचा लॅपटॉप रात्री ११ वाजता ८० टक्क्यांवर झोपवला आणि सकाळी ७ वाजता ७६ टक्के शिल्लक आढळले, तर ८ तासांत २ वॅट-तास, म्हणजे सरासरी ०.२५ वॅट खर्च झाले. ही झोप चांगली मानावी. सकाळी ५६ टक्केच उरले असतील, तर १२ वॅट-तास, म्हणजे सरासरी १.५ वॅट खर्च झाले. येथे काहीतरी जागे राहिले आहे, हे उघड आहे. स्थूल मानाने तासाला एक टक्क्यापर्यंतची घट स्वीकारार्ह समजता येते. त्याहून बरीच अधिक घट वारंवार दिसल्यास कारण शोधावे.

केवळ टक्केवारीवर विसंबणे मात्र दिशाभूल करणारे ठरू शकते. वरील बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता ३२ वॅट-तासांवर आली असे मानू. सरासरी अर्धा वॅट इतकी मर्यादित वीज घेणारा लॅपटॉप ८ तासांत ४ वॅट-तास खर्च करतो. नव्या बॅटरीत ही घट ८ टक्के दिसते, तर जुन्या बॅटरीत तीच घट १२.५ टक्के दिसते. झोपेत काहीही बिघाड नसताना केवळ बॅटरीचे वय वाढल्याने आकडा मोठा दिसतो. म्हणून टक्क्यांचे वॅट-तासांत रूपांतर करूनच तुलना करावी.

तीन रात्रींची चाचणी

कोणतेही विशेष साधन न वापरता कारणाचा माग काढण्यासाठी तीन रात्रींची तुलना उपयोगी पडते. पहिल्या रात्री लॅपटॉप नेहमीप्रमाणे झोपवावा, दुसऱ्या रात्री शीतनिद्रेत ठेवावा व तिसऱ्या रात्री पूर्ण बंद करावा. तिन्ही वेळा चार्जर व इतर उपकरणे काढून ठेवावीत.

पहिल्या रात्री मोठी घट आणि उरलेल्या दोन्ही रात्री जवळजवळ शून्य घट आढळल्यास बॅटरी निर्दोष असून दोष निद्रावस्थेत आहे. तिन्ही रात्री लक्षणीय घट झाल्यास यूएसबी चार्जिंगची सोय, मदरबोर्डवरील बिघाड किंवा स्वतः बॅटरी यांपैकी एक कारण संभवते. पहिल्या रात्रीही घट अल्प असून दिवसा वापरताना बॅटरी लवकर संपत असेल, तर प्रश्न झोपेचा नसून क्षमतेचा किंवा वापराचा आहे.

या चाचणीत एक बाब ध्यानात ठेवावी लागते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय असून ती चालू असताना ‘बंद करा’ हा पर्याय निवडला, तरी कार्यप्रणालीचा गाभा शीतनिद्रेत ठेवला जातो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र ती पूर्णपणे नव्याने सुरू होते. त्यामुळे अडकून पडलेला एखादा ड्रायव्हर मोकळा करण्यासाठी बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट करणे अधिक परिणामकारक ठरते.

कार्यप्रणालीनुसार निदान

विंडोज

विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा निदानासाठी उपलब्ध आहे. ती कमांड प्रॉम्प्टमध्ये, आवश्यक तेथे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवावी लागते. तिच्यापुढे तिरपी रेघ देऊन उपपर्याय लिहिला जातो. ‘ए’ हा उपपर्याय त्या लॅपटॉपवर कोणत्या निद्रावस्था उपलब्ध आहेत, हे सांगतो. ‘बॅटरीरिपोर्ट’ हा उपपर्याय बॅटरीची मूळ क्षमता व आजची पूर्ण भरल्यावरची क्षमता यांचा अहवाल तयार करतो. या दोन आकड्यांच्या तुलनेने बॅटरीच्या वयाचा अंदाज येतो. ‘स्लीपस्टडी’ हा उपपर्याय आधुनिक निद्रावस्था असलेल्या लॅपटॉपांसाठी आहे. गेल्या काही दिवसांतील प्रत्येक झोपेत किती वीज गेली आणि कोणत्या घटकाने यंत्राला जागे ठेवले, हे त्यात दिसते.

‘लास्टवेक’ हा उपपर्याय संगणक शेवटी कशामुळे जागा झाला ते सांगतो, ‘वेकटायमर्स’ नियोजित घड्याळांची यादी देतो, तर ‘रिक्वेस्ट्स’ झोपेला अटकाव करणाऱ्या आज्ञावली दाखवतो.

मॅकओएस

मॅकओएसमधील ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ या साधनाच्या ऊर्जाविषयक विभागात ‘झोपेला प्रतिबंध’ या अर्थाचा एक स्तंभ असतो. ज्या आज्ञावलीपुढे तेथे होकार दिसतो ती बंद करून पाहावी. टर्मिनलमधील ‘पीएमसेट’ ही आज्ञा झोप व जाग यांची सविस्तर नोंद देते. २०१२ मधील माउंटन लायन आवृत्तीत ‘पॉवर नॅप’ ही सोय आली. तिच्यामुळे झोपेतही टपाल व प्रतिलिपी यांची कामे चालतात. बॅटरीच्या मांडणीत ‘जाळ्यासाठी जागे व्हावे’ हा पर्याय बंद केल्यास अशा जाग येण्याचे प्रमाण घटते.

लिनक्स

लिनक्समध्ये ‘सिस’ विभागातील ‘पॉवर’ या उपविभागात ‘मेम-स्लीप’ नावाची संचिका असते. तिच्यात ‘एस-टू-आयडल’ व ‘डीप’ यांपैकी उपलब्ध पर्याय दिसतात व सध्या निवडलेला पर्याय चौकटी कंसात असतो. ‘डीप’ म्हणजे पारंपरिक एस-३. हा पर्याय यादीतच नसेल, तर त्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये निद्रावस्थेची निवड आहे का, हे पाहावे.

उपाय

उपाय सोप्याकडून कठिणाकडे या क्रमाने व एका वेळी एकच करावेत. एकाच दिवशी अनेक बदल केल्यास कोणत्या बदलाने गुण आला, हे कळत नाही. प्रत्येक बदलानंतर एका रात्रीची घट नोंदवावी.

१. झाकण मिटल्यावर काय व्हावे, याची मांडणी तपासावी. बॅटरीवर चालत असताना ‘स्लीप’ किंवा ‘हायबरनेट’ निवडलेले असावे.

२. माउसचा रिसीव्हर, पेनड्राइव्ह, बाह्य डिस्क व फोन काढून ठेवावेत.

३. वीजविषयक मांडणीत वेक टायमर बंद करावेत. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये माउस व जाळेजोडणी यांच्या वीजविभागातील, संगणकाला जागे करण्याची परवानगी देणारी खूण काढावी.

४. झाकण मिटण्यापूर्वी चार्जर काढावा. चार्जर जोडलेला असताना लॅपटॉप विजेची काटकसर कमी करतो. काही यंत्रे त्याच स्थितीत झोपून चार्जर काढल्यानंतरही अधिक वीज घेत राहिल्याचे आढळते.

५. कार्यप्रणाली, ड्रायव्हर व बायोस यांच्या सुधारित आवृत्त्या लॅपटॉप-निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणावरूनच घ्याव्यात. बायोस बदलताना वीज जाणार नाही याची खात्री करावी आणि बॅटरी भरलेली असताना चार्जरही जोडलेला ठेवावा.

६. ठरावीक काळानंतर झोपेतून शीतनिद्रेत जाण्याची मांडणी करावी. काही मिनिटांच्या विश्रांतीसाठी झोप आणि प्रवास व रात्रीसाठी शीतनिद्रा, अशी विभागणी बहुतेकांना सोयीची पडते. विंडोजमध्ये हायबरनेटचा पर्याय पुष्कळदा यादीत दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमधील वीज-बटणांच्या विभागातून तो दृश्य करता येतो.

निर्मात्याने न दिलेली एस-३ अवस्था विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून बळेच चालू करण्याचा सल्लाही दिला जातो. मात्र ज्या यंत्राची तशी रचनाच नाही, ते त्यानंतर झोपेतून नीट उठेल याची शाश्वती नसते. त्यामुळे हा मार्ग सामान्य वापरासाठी योग्य नाही.

वसई-विरार परिसरातील संदर्भ

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना २००९ मध्ये झाली. येथील नोकरदार व विद्यार्थी मोठ्या संख्येने पश्चिम रेल्वेच्या लोकलने मुंबईस जातात. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर असून घरातून निघून कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत लॅपटॉप बराच काळ बंद पिशवीत राहतो. गर्दीच्या डब्यात, छातीशी घट्ट धरलेल्या पिशवीत लॅपटॉप जागा झाला, तर त्याची उष्णता बाहेर पडण्यास वाव नसतो. बॅटरी उतरते, पंखा फिरत राहतो व यंत्र तापते. येथे हानी केवळ एका दिवसाच्या चार्जिंगची नसते. उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटते. या प्रवासासाठी शीतनिद्रा किंवा पूर्ण बंद करणे, हे दोनच पर्याय निर्धोक आहेत.

दुसरा संदर्भ वीजपुरवठ्याचा आहे. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरार परिसर जलमय झाला, नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून लोकल वाहतूक विस्कळीत झाली आणि वीज उपकेंद्रांत पाणी शिरल्याने मोठ्या भागाचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशातील वीजपुरवठा सकाळी अचानक खंडित झाला. करोनाकाळ असल्याने तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन सुरू होत्या. त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. वसई-विरारमधील अनेक महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.

अशा प्रसंगी वीज परत येईपर्यंत लॅपटॉपमध्ये शिल्लक असलेली ऊर्जा हाच आधार असतो. त्याच ५० वॅट-तासांच्या उदाहरणात, रात्रभरात गमावलेले १२ वॅट-तास म्हणजे लेखनवाचनासाठी सरासरी ६ वॅट घेणाऱ्या लॅपटॉपचे दोन तासांचे काम होय. अर्ज भरण्याची शेवटची तारीख, प्रकल्प सादर करण्याची वेळ किंवा परीक्षा यांच्या दृष्टीने हे दोन तास निर्णायक ठरू शकतात. पावसाळ्यात रात्री काम जतन करून लॅपटॉप शीतनिद्रेत ठेवण्याची सवय म्हणूनच उपयुक्त आहे.

दक्षता

पिशवीतून काढलेला लॅपटॉप गरम लागल्यास तो लगेच चार्जिंगला लावू नये. उघड्या जागी थंड होऊ द्यावा. स्पर्शपट्टी वर उचललेली दिसणे, झाकण नीट न मिटणे किंवा तळाशी फुगवटा येणे ही बॅटरी फुगल्याची लक्षणे होत. अशा वेळी वरील कोणतेही उपाय करत बसू नये. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि बॅटरी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावी. फुगलेली बॅटरी दाबणे, टोचणे किंवा घरी उघडणे धोकादायक असते. तिला आग लागू शकते.

जुनी बॅटरी घरगुती कचऱ्यात टाकू नये. भारत सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्चक्रणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. तत्पूर्वी तीन रात्रींची चाचणी व क्षमतेचा अहवाल यांच्या आधारे, बॅटरी खरोखरच बदलण्याजोगी झाली आहे का, हे पडताळून पाहणे इष्ट ठरते.